चार नंबरचा लोखंडी रंधा: दुकानात अर्धा, घरी पुरा

मागच्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले आणि चार नंबरचा लोखंडी रंधा घेऊन आले. किंमत १,९५० रुपये. त्याला आता आठ महिने झाले. एवढ्या काळात त्याच्यावर घरच्या गणपतीचा पाट झाला, दोन जुने पोळपाट पुन्हा सपाट झाले, पावसात फुगलेलं न्हाणीघराचं दार सुटं झालं आणि शाळेत फळ्यावर वापरायला दोन मोठे लाकडी काटकोन झाले. आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. हे मला कुणी सांगितलं असतं तर माझा पहिला आठवडा इतका निराशेत गेला नसता. या किमतीत मिळणारा रंधा तयार रंधा नसतो. ओतीव लोखंडाचा सांगाडा, पातं, पितळी चाक, मूठ असं सगळं सामान एकत्र बसवलेलं असतं. त्याचं हत्यार करण्याचं काम घेणाऱ्याने करायचं असतं. मी ते दोन रविवार केलं. आज या रंध्यावर माझा जीव आहे.

मी डोंबिवलीत शाळेत गणित शिकवते. बाबा सावंतवाडीचे सुतार. दारं, खिडक्या, देव्हारे, पाट, माळ्याच्या शिड्या, जे येईल ते करायचे. त्यांच्या पडवीत मी लहानपणी ढलप्या गोळा करायची, चुलीजवळ नेऊन ठेवायची, आणि त्यांचा हात कसा चालतो ते बघत बसायची. हत्यारं शिकवली ती भावाला. तो पुढे नोकरीला बाहेर गेला आणि हत्यारं माळ्यावर गेली. चाळिशी उलटल्यावर मला हे काम करावंसं वाटू लागलं तेव्हा बाबांच्या हातांना कंप सुरू झाला होता. दाखवून शिकवणं त्यांना जमत नव्हतं, पण सांगून पुष्कळ शिकवलं, बहुतेक फोनवरून.

त्यांचा रंधा लाकडी होता. लाकडाच्या ठोकळ्यात तिरकी खाच, त्यात पातं, पात्यावर पाचर. पातं थोडं पुढे हवं असेल तर पात्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी, मागे हवं असेल तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर. किती जोराची टिचकी, ते फक्त त्यांच्या मनगटाला ठाऊक. लोखंडी रंध्यात ही टिचकी नाही, तिथे पितळी चाकाचा स्क्रू आहे. ही कल्पना अमेरिकेतल्या लेनर्ड बेली यांची. १८६०च्या दशकात त्यांनी बॉस्टनमध्ये पेटंटं घेतली, १८६९ मध्ये ती स्टॅनली कंपनीकडे गेली, आणि आज जगभर जो लोखंडी रंधा मिळतो तो बहुतेक त्याच घडणीचा असतो. नंबर म्हणजे इंच नव्हेत, तो आकारांचा क्रम आहे. चार नंबरचा तळ साधारण २५० मिलिमीटर लांब, पातं ५० मिलिमीटर रुंद. पाच नंबर साधारण १४ इंच लांब, सात नंबर २२ इंच. माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याने एकच घ्यायचा असेल तर चारच घ्यावा. फिरवायला सोपा, लहान कामाला पुरतो, मोठ्या कामाला जमवून घेता येतो.

दुकानात मी सोबत एक फूटभर स्टीलची पट्टी नेली होती. रंधा उलटा धरायचा, पट्टी तळावर लांबीच्या दिशेने उभी ठेवायची आणि उजेडाकडे धरून बघायचं. मग कर्णाच्या दिशेने, एकदा इकडून, एकदा तिकडून. दुकानदारांनी न कंटाळता तीन नग उघडून दिले. पहिल्याचा तळ कर्णात पीळ घेतलेला होता, पट्टी डुलत होती. पीळ असलेला नग घेऊच नका, तो घरी काढणं फार जिकिरीचं. दुसऱ्यात तोंडामागे, म्हणजे तळाच्या ज्या फटीतून पातं बाहेर डोकावतं तिच्यामागे, बारीक खळगा दिसला, बाकी पट्टी टेकत होती. तिसऱ्याच्या तोंडाची कड वाकडी घासलेली होती. मी दुसरा घेतला. "ताई, मिस्त्री लोक एवढं बघत नाहीत," असं ते म्हणाले. मिस्त्रींच्या हातात ती कमी भरून काढायचं कसब असतं. नवशिक्याला मात्र हत्यारच नीट लागतं, म्हणून हे बघणं आपल्याला जास्त गरजेचं.

घरी येऊन त्याच संध्याकाळी सासूबाईंच्या जुन्या कपाटाच्या सागवानी फळीवर पहिला हात मारला. पातं अडकलं. चाक फिरवून मागे घेतलं तर काहीच निघेना. पुन्हा पुढे घेतलं तर फळीचा कोपरा उचकटून आला, आणि दोन हातांनंतर तोंडात लाकडाचा बोळा अडकला. चार दिवस रोज रात्री हेच. मला वाटलं, माझाच हात चालत नाही.

हात खरंच चालत नव्हता, पण रंधाही चालण्याजोगा नव्हता. ते कळलं तेव्हा मी काम थांबवलं आणि सगळे स्क्रू काढून त्याचे भाग टेबलावर मांडले. ज्यांनी असा रंधा घेऊन कंटाळून ठेवून दिला आहे त्यांच्यासाठी पुढचं सविस्तर लिहिते.

पहिला रविवार तळाचा. काचवाल्याकडून १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचा एक तुकडा आणला, दीड फूट लांब. जाड काच सपाट असते आणि वाकत नाही. तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. रंध्याच्या तळावर मार्करने आडव्या रेघा मारल्या आणि तळ कागदावर घासायला सुरुवात केली. रेघा जिथे पुसल्या जातात तो भाग उंच, जिथे राहतात तो खोल. इथे एक गोष्ट विसरू नका: तळ घासायचा तो पातं रंध्यात बसवूनच, फक्त धार तळाच्या आत ओढून घ्यायची. पातं दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपचा ताण सांगाड्याला किंचित वाकवतो. पातं काढून तळ सपाट केला तर ते बसवल्यावर तळ पुन्हा बदलतो.

शेजारच्या गॅरेजमधून बारीक फट मोजायचं फीलर गेज मागून आणून मोजलं होतं, तोंडामागचा खळगा ०.१५ मिलिमीटरचा होता. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण रंध्याने लाकडाची जी पातळ साल मला काढायची होती तिची जाडी याच्या निम्म्याहून कमी. तळातला खळगा सालीपेक्षा खोल असेल तर रंधा फळीवर टेकतो कुठे आणि कापतो कुठे, याचा मेळ बसणार कसा? साडेतीन तास लागले. मग त्याहून बारीक १२० नंबरचा कागद, मग २२०चा. सगळा तळ आरशासारखा करायची गरज नाही. पुढचं टोक, तोंडाची लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक, ही तीन ठिकाणं एका पातळीत आली की पुरे. मधे कुठे एखादी रेघ राहिली तरी चालते. तोंडाच्या पुढची पट्टी मात्र काटेकोर हवी, कारण तीच पात्यापुढचं लाकूड दाबून धरते.

दुसरा रविवार पात्याचा, आणि खरा अभ्यास तिथे आहे. धार म्हणजे दोन पृष्ठांची भेट. एक उताराचं पृष्ठ, जे सगळे घासतात. दुसरं पाठीचं, जे कुणी घासत नाही. माझ्या पात्याच्या पाठीवर कारखान्यातल्या घासणीचे ओरखडे बोटाला लागत होते. अशा पाठीवर कितीही उतार घासा, धार करवतीसारखीच राहते. पाठीचा सगळा भाग घासायचा नाही, धारेलगतचा एक-दोन सेंटिमीटर पुरतो, पण तेवढा काचेसारखा गुळगुळीत हवा. त्यात माझे दोन तास गेले.

उतारासाठी ३८० रुपयांचं, चाक असलेलं धार लावायचं गाइड घेतलं. त्यात पातं किती बाहेर काढायचं यावर कोन ठरतो: ५० मिलिमीटर बाहेर ठेवलं की २५ अंश, ३८ ठेवलं की ३० अंश. मुख्य उतार २५चा, आणि अगदी टोकाला ३०चा बारीक दुसरा उतार. यामुळे दर वेळी फक्त ती बारीक कड घासावी लागते, पाच मिनिटांत धार परत येते. दगड एका बाजूने १००० आणि दुसऱ्या बाजूने ६००० असा, पाण्यावर चालणारा. बाबा साध्या सहाणेवर, गाइडशिवाय, कोन हाताने धरून धार लावायचे आणि ती धार मनगटावरचे केस उतरवायची. तो हात मला अजून आलेला नाही. येईपर्यंत गाइड वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही.

दोन्ही कोपरे शेवटी बोटाने जरा जास्त दाबून घासायचे, म्हणजे धार मधे कणभर फुगीर होते. धार अगदी सरळ ठेवली तर पात्याचे कोपरे फळीवर बारीक पायरी सोडतात, आणि तेल लावल्यावर ती उठून दिसते.

राहिला तोंडात अडकणारा बोळा. पात्यावर दुसरी एक पट्टी स्क्रूने बसते, तिला चिपब्रेकर म्हणतात. पात्यावर चढलेली साल ही पट्टी ताबडतोब वाकवते. साल जागीच मोडली की तिची चीर धारेच्या पुढे लाकडात खोल धावत नाही, म्हणून लाकडाच्या रेषांच्या उलट रंधा मारला तरी ते उचकटत नाही. पण पट्टीची कड आणि पात्याची पाठ यांच्यात केसभरही फट असली तर साल तिथे शिरते आणि बोळा होतो. माझ्या पट्टीच्या उजव्या टोकाला फट होती. दगडावर दहा मिनिटं घासून ती मिटवली आणि बोळा कायमचा गेला. चार रात्रींचं दुःख दहा मिनिटांत संपलं. पट्टी धारेपासून एरवी साधारण एक मिलिमीटर मागे ठेवते. गाठीजवळ किंवा रेषा फिरलेल्या लाकडावर इतकी जवळ आणते की फक्त प्रकाशाची एक रेघ दिसावी.

पातं ज्या तिरक्या बैठकीवर टेकतं त्या फ्रॉगवर रंगाचा थेंब वाळून बसला होता. तो कानशीने काढला. फ्रॉगचे दोन स्क्रू सैल करून तो पुढे-मागे सरकवता येतो, त्याने तोंड अरुंद-रुंद होतं. मी एकदा अरुंद करून ठेवलं आणि नंतर हात लावला नाही.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी, कपाटाच्या त्याच फळीवर, रंध्यातून पहिल्यांदा अखंड साल निघाली. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सळसळत, तोंडातून वर उसळून माझ्या मनगटावर पडली. आरपार दिसत होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजने दहा साली एकावर एक ठेवून मोजल्या: ०.४२ मिलिमीटर. एकीची जाडी ०.०४च्या आसपास. वहीच्या कागदाच्या निम्म्याहून कमी. नववीच्या मुलांना त्या साली दाखवल्या आणि लघुतम माप शिकवलं. त्या दिवशी वर्गात कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही.

बाबांना फोन केला तर आधी म्हणाले, "लोखंडाचो रंधो? जड जातलो तुका." जड आहे खरा, पावणेदोन किलोच्या आसपास. पण वजन त्रास देत नाही. एकदा गती मिळाली की तेच वजन पातं लाकडात टिकवून धरतं. जड जाते ती उभं राहण्याची पद्धत चुकली तर. बाबा जमिनीवर बसून, फळी टाचेखाली दाबून काम करायचे. मी तसंच करायला गेले आणि खांदे भरून आले. या रंध्याची मूठ उभ्या माणसासाठी घडवलेली आहे. उंच टेबलासमोर एक पाय पुढे ठेवून, कमरेपासून ढकलायचं असतं. टेबल किती उंच? सरळ उभं राहून हात सोडले की मनगटाचं हाड जिथे येतं तितकं. माझ्यासाठी ते २९ इंच निघालं. सासरची जुनी शिलाई मशीन ज्या सागवानी टेबलावर होती त्याची उंची जवळपास तितकीच. टेबल भिंतीला टेकवलं, पुढच्या टोकाला एक पट्टी स्क्रूने बसवली, फळी तिला अडते. एवढ्यावर माझं काम चालतं.

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि रंधा चालवला. पाच-सहा हात झाले असतील. बाबा म्हणाले, "पात्याक धार नाय गो. आवाज बघ कसो येता." मला वाटत होतं धार आहे. दगडावर नेऊन पुन्हा लावली, पुन्हा फोन केला. आता आवाज एकसंध 'सर्र' असा होता, मघाचा त्यात बारीक खरखर मिसळलेला होता. दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकल्याशिवाय तो फरक मला कळला नसता. तेव्हापासून मी घड्याळ किंवा सालींची संख्या बघत नाही, कान देते. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. या पात्याची धार सागवानावर मला वीस-पंचवीस मिनिटं पुरते, आंब्याच्या लाकडावर त्याहून बरीच जास्त.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी या हत्याराचा विचार जरूर करावा. आमच्याकडे सासूबाईंना दमा आहे. विजेचा सँडर मी एकदा भाड्याने आणून वापरला होता. दार बंद, खिडकी उघडी, तरी सागवानाची धूळ आतल्या खोलीपर्यंत गेली आणि त्यांना रात्रभर खोकला. रंध्याने धूळ जवळजवळ होतच नाही. साली पडतात, त्या हाताने उचलायच्या. दुपारी दोन ते चार या वेळेत, वरच्या मजल्यावर तान्हं बाळ झोपलेलं असताना, मी रंधा चालवला आहे आणि कुणाची तक्रार आली नाही. आणि रंधलेल्या सागवानाचा वास! सँडरने घासलेल्या लाकडाला तो तसा येत नाही. पडवी आठवते.

आता पाटाबद्दल. आमच्याकडे सिंधुदुर्गात घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याकडे, नेऊन द्यायचा, त्याच पाटावरून मूर्ती घरी येते. आमचा जुना पाट बाबांच्या वडिलांच्या हातचा, तो गेल्या वर्षी मधोमध चिरला. उलटून बघितल्यावर कारण दिसलं: खालच्या आडव्या पट्ट्या दोन्ही टोकांना खिळ्यांनी घट्ट ठोकलेल्या. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पट्टीने ते हलू दिलं नाही, म्हणून इतक्या वर्षांनी ते चिरून मोकळं झालं.

नवा पाट कपाटाच्या दोन फळ्या जोडून केला. दीड फूट लांब, फळ्यांची जाडी २० मिलिमीटर. फळ्या जोडायच्या तर कडा तंतोतंत काटकोनात हव्यात. चार नंबरचा तळ आखूड, त्यामुळे कडेवर तो डुलतो आणि काटकोन बिघडतो. यावर एक फार सुंदर युक्ती आहे. दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून शिकंज्यात धरायच्या, जोडायच्या दोन्ही कडा वर, शेजारी शेजारी, आणि दोन्हींवर एकदमच रंधा मारायचा. हात तिरका गेला आणि एक कड ८९ अंशांची झाली, तर दुसरी आपोआप ९१ची होते. पुस्तक उघडून जोडलं की ८९ आणि ९१ मिळून १८०. चूक चुकीला मिटवते. इतकी वर्षं पूरक कोन शिकवले, पण ते असे हाताखाली कधी आले नव्हते. शिवाय दोन कडा मिळून ४० मिलिमीटर रुंदी होते, त्यावर रंधा डुलत नाही आणि ५० मिलिमीटरचं पातं दोन्हींना पुरतं. तळाच्या साधारण दुप्पट लांबीपर्यंत आखूड रंध्याने कड सरळ करता येते, म्हणून दीड फुटाला हा चालला. तीन फुटांच्या फळ्या असत्या तर नसता चालला, तिथे सात नंबरच लागतो.

याच कामात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. कपाटाच्या फळीत बिजागरीजवळ एक मोडकं चुकं, म्हणजे बारीक खिळा, लाकडाच्या आत राहिलं होतं. वरून काही दिसत नव्हतं. रंधा त्यावरून गेला, बारीक 'टिक' असा आवाज झाला आणि पुढच्या प्रत्येक सालीत मधोमध एक उभी चीर दिसू लागली. धारेला खाच पडली होती, खोली जवळजवळ एक मिलिमीटर. ती जाईपर्यंत पूर्ण पातं ८०च्या कागदावर घासणं, मग पुन्हा सगळे दगड. एक पूर्ण संध्याकाळ गेली. जुनं लाकूड वापरत असाल तर रंध्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. मी आता स्पीकरमधून काढलेलं जुनं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवर हळूहळू ओढते. लोखंड असेल तिथे ते अडखळतं.

खालच्या पट्ट्या या वेळी मधोमध एका घट्ट स्क्रूने आणि दोन्ही टोकांना लांबट भोकांतून बसवल्या, म्हणजे पाट हवा तेवढा फुगू-आकसू शकेल. वरून जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता साठून चिंधी आपोआप पेटू शकते. मी त्या दोरीवर पसरून वाळवते आणि मगच टाकते.

रंध्यात ज्या गोष्टी मला आवडल्या नाहीत त्याही लिहिते. पितळी चाकाला ढिलाई फार आहे, दिशा बदलली की जवळजवळ दीड फेरा ते रिकामं फिरतं. उपाय असा की पातं जमवताना शेवटची हालचाल नेहमी पुढच्या दिशेने करायची. जास्त पुढे गेलं तर खूप मागे घ्यायचं आणि पुन्हा सावकाश पुढे आणायचं. मागे घेऊन तिथेच सोडलं तर काम करताना पातं आपोआप आत सरकतं. पातं तिरकं-सरळ करणारा दांडा फार घट्ट होता, तेलाने सुधारला.

गंजाची काळजी इथे रोजची आहे. जूनमध्ये चार दिवस रंधा तसाच टेबलावर राहिला आणि तळावर तांबूस ठिपके आले. आता काम झालं की शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवते. खोबरेल मी लावत नाही, ते थंडीत थिजतं आणि कालांतराने चिकट होतं. काम करताना मात्र तळावर मेणबत्तीच्या दोन-तीन रेघा ओढते. एवढ्याने रंधा इतका हलका होतो की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. आणि हे ओतीव लोखंड आहे, फरशीवर पडलं तर तडा जातो. टेबलाच्या कडेला कधीही ठेवू नये.

एकूण खर्च असा झाला: रंधा १,९५०, पाण्याचा दगड १,३५०, गाइड ३८०, काच आणि कागद मिळून ३००च्या घरात. म्हणजे रंध्याच्या दुप्पट. ज्यांच्याकडे धार लावायचं काहीच नाही त्यांनी रंधा घेण्याआधी दगड घ्यावा, असं मी म्हणेन. दगड पुढे पटाशीला, विळीला, कात्रीलाही लागतो. आणि ज्यांना खोलून घासायला दोन रविवार द्यायचे नसतील त्यांनी हा घेऊ नये. थेट कामाला लागतील असे महाग रंधे मिळतात, त्यांच्यासाठी ते बरे.

सगळ्यात मोठी तक्रार उरली आहे ती मुठीची. रंगाचा जाड थर, कडा टोकदार, आणि चार बोटं बसतील अशी जागाच नाही. खरं तर तीनच बोटांनी धरायचं असतं, तर्जनी पुढे सरळ रोखलेली. हे मला अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड आल्यावर समजलं. कानशीने कडा मारल्या, रंग खरवडला, तरी तासाभराच्या कामानंतर तळहात दुखतो.

जुलैच्या शेवटी ठाण्याहून तुतारी एक्सप्रेसने पाट घेऊन सावंतवाडीला गेले, तेव्हा बाबांना दाखवायला रंधाही नेला होता. त्यांनी पाट हातात घेऊन डोळे मिटले आणि जोडावरून अंगठा आडवा फिरवला, दोनदा. जोड कुठे आहे ते त्यांना सापडेना. मग रंधा मागितला. त्यांची बोटं थरथरत होती, म्हणून मी मागून त्यांच्या हातांवर हात ठेवले आणि पडवीतल्या फळीवर आम्ही दोघांनी मिळून एक लांब हात मारला. साल तुटली नाही. ते काहीच बोलले नाहीत. रंधा खाली ठेवल्यावर तळहात चोळत म्हणाले, "ह्या मुठीन हात दुखतलो. शिसवाची कर." आणि भाच्याला माळ्यावर चढवून शिसवाचा एक ठोकळा खाली काढायला लावला. काळाभोर, सुकून दगडासारखा झालेला, एका टोकाला त्यांच्याच करवतीची खूण.

तो ठोकळा आता टेबलावर आहे. जुन्या मुठीचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून, बोटांसाठी अर्धा सेंटिमीटर वाढवून, पेन्सिलने त्यावर आखला आहे. आतून सांगाड्यात जाणाऱ्या लांब बोल्टसाठी तिरकं भोक पाडायचं आहे, आणि ते ठोकळा चौकोनी असतानाच पाडायला हवं, आकार दिल्यावर धरायला जागा उरत नाही. आठ मिलिमीटरचा लांब ड्रिल बिट सांगून ठेवला आहे. तो आला की येत्या रविवारी भोक.